वाचकांचे प्रश्न : इंजिन ओरडतंय, पण गाडी ओढत नाही

प्रश्न : नमस्कार काका. माझ्याकडं 2009 ची अल्टो आहे, सेकंडहँड घेतलेली, 1 लाख 10 हजारच्या पुढं फिरलीय. गेल्या रविवारी आईला घेऊन जोतिबाला निघालो होतो, केर्लीपर्यंत गाडी मस्त, पण वर चढायला लागलो आणि तिसऱ्या गिअरमधे ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन नुसतं ओरडायचं, गाडी तिथल्या तिथं. दुसरा टाकला तर चढली, पण वर पार्किंगला पोचेस्तोवर काहीतरी जळल्यासारखा वास यायला लागला, आई घाबरली. येताना उताराला काहीच नाही आणि शहरात फिरताना पण काही नाही. एका मिस्त्रीनं सांगितलं क्लचप्लेट गेली, गिअरबॉक्स उतरवायला लागतोय. दुसरा म्हणतो केबल टाईट आहे, बाकी काही नाही. तिसरा म्हणतो इंजिनच कमजोर झालंय, काम काढा. खरं कुणाचं धरू? – एक वाचक, फुलेवाडी

उत्तर : पहिल्यांदा एक सांगतो, याचा निकाल लागेपर्यंत घाटात गाडी घालू नका, आईंना घेऊन तर नकोच. रविवारी जोतिबाच्या रस्त्याला मागं गाड्यांची रांग असते, तिथं चढात गाडी ओढायची बंद झाली तर नुसत्या ब्रेकच्या जिवावर उभं राहायला लागतं.

आता तीन मिस्त्रींचं बघू. तिसऱ्याचं आधी बाजूला ठेवा. इंजिनात दम नसेल, एअर फिल्टर चोंदला असेल, प्लग गेले असतील, नाहीतर एखाद्या चाकाचा ब्रेक धरून बसला असेल, तर गाडी चढाला दमते हे खरं, पण तेव्हा इंजिन ओरडत नाही. गाडी हळू होईल तसा इंजिनचा आवाज पण खाली बसत जातो, घरघर करतं आणि गिअर उतरवला नाही तर बंदच पडतं. तुमच्याकडं बरोबर उलटं झालं, आवाज वर गेला आणि स्पीड जागेवर राहिला. म्हणजे इंजिन ताकद देतंय पण ती चाकापर्यंत पोचत नाही, मधेच निसटतीय. गिअर दातात दात अडकून फिरतात, ते असे गुपचूप घसरत नाहीत, दात तुटला तर खडखडाट ऐकायला येतो. मॅन्युअल गाडीत गुपचूप निसटायची जागा एकच, क्लच. आपल्याकडं म्हणतात तसं गाडी स्लिप मारतीय.

मग शहरात का कळत नाही? इंजिनच्या मागं फ्लायव्हील असतं, जड लोखंडी चकती, तिला चिकटून क्लचप्लेट आणि तिच्या मागं प्रेशर प्लेट. तुम्ही पेडलवरचा पाय काढला की प्रेशर प्लेटमधली डायफ्रॅम स्प्रिंग क्लचप्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरते आणि तिन्ही एक होऊन फिरतात. ही पकड थोडी ढिली झाली तरी सपाटीला चालून जातं, कारण तिथं गाडी ढकलायला ताकदच कमी लागते. खालच्या गिअरात इंजिनला गाडी हलकी लागते, ती लगेच पळते आणि क्लचवरचा ताण सुटतो. वरच्या गिअरात तीच गाडी जड लागते, त्यात चढ, त्यात चार माणसं आणि वर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, तिथं पकड सुटते. म्हणून स्लिप पहिल्यांदा चौथ्या-पाचव्या गिअरात कळायला लागतं, मग तिसऱ्यात आणि शेवटी दुसऱ्यात. तुमचं तिसऱ्यापर्यंत आलंय, म्हणजे बरेच दिवस चालू असणार, हायवेला ओव्हरटेक करताना जाणवलं असेल पण तुम्ही सोडून दिलं असेल. आणि एकदा घसरायला लागलं की प्लेट तापते, तापली की पकड अजून कमी होते, म्हणून सकाळी घरातनं निघताना काही नाही आणि अर्धा घाट चढल्यावर सगळा तमाशा, असं होतं.

वासाबद्दल, क्लचप्लेटचं लायनिंग, म्हणजे तिच्यावरचा घासणारा थर, जळलं की येणारा वास ब्रेक लायनरच्या वासासारखाच असतो, त्यामुळं पुढच्या वेळी वास आला की थांबून चारी चाकांजवळ हात नेऊन बघा, हात लावू नका, नुसता जवळ न्या. एकच चाक बाकीच्यांपेक्षा भट्टीसारखं तापलं असेल तर ब्रेक धरलाय. चारी सारखी असतील आणि वास बॉनेटकडनं येत असेल तर क्लच.

आता पहिला आणि दुसरा मिस्त्री. माझं स्पष्ट मत, दोघंही बरोबर असू शकतात, आणि हेच बऱ्याच जणांना माहीत नसतं म्हणून जरा सविस्तर लिहितो. केबलच्या क्लचमधे पेडल दाबायला सुरवात केली की पहिला थोडा भाग रिकामा जातो, मग एकदम जड लागतं. त्या रिकाम्या भागाला फ्री प्ले म्हणतात, गॅरेजमधे नुसतं प्ले. क्लचप्लेट जशी झिजत जाते तशी डायफ्रॅम स्प्रिंगची बोटं, म्हणजे तिच्या आतल्या पट्ट्या, रिलीज बेअरिंगच्या (पेडल दाबलं की स्प्रिंगला दाबतं ते बेअरिंग) दिशेनं बाहेर सरकतात आणि हा प्ले आपोआप कमी होत जातो. कुणी ॲडजस्ट केलाच नाही तर एक दिवस प्ले शून्य होतो, मग तुमचा पाय पेडलवर नसला तरी बेअरिंग स्प्रिंगला थोडं दाबून धरतं, पकड अर्धवट राहते आणि प्लेट घसरून घसरून जळते. म्हणजे केबल टाईट दिसतीय ती कुणी आवळली म्हणून नाही, प्लेट झिजली म्हणून टाईट झालीय असं पण असू शकतं.

हे घरी बघता येतं. सकाळी इंजिन बंद असताना पायाखालचं मॅट काढा, एक स्टीलची फूटपट्टी घ्या, पेडलच्या बाजूला फ्लोअरवर उभी धरा आणि पायानं नाही, दोन बोटांनी पेडल हळूहळू दाबा. जिथं जड लागायला सुरवात होते तिथलं माप आणि पेडल पूर्ण वर असतानाचं माप, दोन्हीतला फरक म्हणजे तुमचा प्ले. बहुतेक छोट्या केबलवाल्या गाड्यांत तो साधारण 15 ते 25 मिलिमीटरच्या आसपास असतो, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात बघा. बोट लावल्या लावल्या जड लागत असेल तर प्ले संपलाय. पेडल सोडल्यावर चटकन वर येतंय का ते पण बघा, रेंगाळत येत असेल तर केबल आतून गंजलीय नाहीतर बाहेरचं कव्हर कुठंतरी चिरलंय, अशी केबल ॲडजस्ट करत बसू नका, नवीन टाका.

प्ले शून्य निघाला तर गिअरबॉक्सला हात लावायच्या आधी मिस्त्रीला केबलच्या टोकाचा, गिअरबॉक्सवरच्या आर्मजवळचा नट सैल करून प्ले बरोबर सेट करायला सांगा. दहा-पंधरा मिनिटाचं काम आहे. घाईत फार सैल पण करू नका, मग क्लच पूर्ण सुटत नाही आणि रिव्हर्स टाकताना कर्रर्र होतं. सेट केल्यावर चढात परत चालवून बघा. ओढायला लागली तर देवाची कृपा, पण प्लेटचा वास येऊन गेलाय हे लक्षात ठेवून दोन-तीन आठवड्यांनी फूटपट्टी परत लावा. प्ले परत पटापट कमी होतोय, किंवा नटाला पुढं सैल करायला आटेच उरले नाहीत, तर प्लेट संपली, पहिल्या मिस्त्रीचं खरं. आणि प्ले आधीपासूनच बरोबर असून गाडी स्लिप मारत असेल तर केबलशी खेळण्यात एक रुपया घालवू नका, आत प्लेट झिजलीय, तेल लागलंय किंवा स्प्रिंग कमजोर झालीय, तिन्हीला गिअरबॉक्स उतरवायलाच लागतो.

खात्रीसाठी दोन टेस्ट. एक गॅरेजमधे सगळे करतात ती, गाडी सपाटीला, पुढं-मागं कुणी नाही, चाकाला दगड लावलेला, हँडब्रेक पूर्ण ओढलेला, उजवा पाय ब्रेकवर, चौथा गिअर टाकून क्लच हळूहळू सोडायचा. इंजिन लगेच धडकन बंद पडलं तर पकड आहे, क्लच पूर्ण सोडून पण इंजिन चालूच राहिलं तर प्लेट गेली. एकदाच करा, दोन-तीन सेकंदात थांबवा, पाचपाच वेळा करून मिस्त्री, मेहुणा, शेजारी सगळ्यांना दाखवत बसलात तर उरलीसुरली प्लेट पण जळेल. पण या टेस्टला पास झाली म्हणून क्लच ठीक आहे असं समजू नका, आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, इंजिन जोर असा कितीसा लावतं? खरी टेस्ट रस्त्यावरची. गाडी चांगली गरम झाल्यावर मोकळ्या रस्त्याला, पहाटे वाघबीळच्या अलीकडं हलका चढ मिळेल तिथं, चौथ्या गिअरात 40 च्या स्पीडला ॲक्सिलरेटर झटकन पूर्ण दाबा आणि कान इंजिनकडं ठेवा. तुमच्या अल्टोत आरपीएमचा काटा नसेल तरी अडत नाही. आवाज आणि स्पीड बरोबरीनं वाढले तर ठीक, आवाज आधी पळाला आणि स्पीड मागनं रखडत आला तर स्लिप.

गिअरबॉक्स उतरवायचंच ठरलं तर क्लचप्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही एकदम बदला. मजुरी गिअरबॉक्स काढ-घालण्याची असते, नुसती प्लेट टाकून बेअरिंग जुनंच ठेवलं आणि ते सहा महिन्यांनी कुंईकुंई करायला लागलं तर तीच मजुरी परत. पार्टचे पैसे आणि मजुरी वेगवेगळी लिहून घ्या. आणि जुना माल पिशवीत घालून परत मागा, लाजू नका, पैसे तुमचे आहेत. ती जुनी प्लेट हातात घेऊन बघा, सगळं लिहिलेलं असतं तिच्यावर. लायनिंग रिव्हेटच्या डोक्याला टेकलं असेल तर सरळ झीज, गाडीनं आपलं आयुष्य जगलं. जाडी शिल्लक आहे पण पृष्ठभाग काळा, काचेसारखा चकचकीत झालाय तर तापून जळलीय, म्हणजे प्ले नव्हता किंवा चालवायची सवय चुकतीय. ओलसर, चिकट, काळपट दिसली तर तेल. प्रेशर प्लेट आणि फ्लायव्हीलवर निळे डाग असतील तर ती उष्णतेची खूण. फ्लायव्हीलला नखानं लागतील असे चर पडले असतील, बारीक चिरा असतील, तर मिस्त्रीला तसंच बसवू देऊ नका. चर असले तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर फेसिंग करून, म्हणजे पृष्ठभाग सपाट करून मिळतं, कंपनीनं दिलेल्या मापाच्या आत बसत असेल तरच, चिरा खोल असतील तर फ्लायव्हील बदला. नवीन सेट बसल्यावर पहिले 400-500 किलोमीटर दमानं चालवा, जोतिबा त्याच्यानंतर.

प्रश्न : मी शिक्षिका आहे, रोज राधानगरी रोडनं 30 किलोमीटर जाऊन-येऊन करते, जुनी वॅगन आर आहे. ऊसाचा हंगाम सुरू झाला की ट्रॉल्यांच्या मागं अर्धा अर्धा तास रांगत जायला लागतं. दीड वर्षात दुसऱ्यांदा क्लचप्लेट बदलायची वेळ आली. मिस्त्री म्हणाला, मॅडम, लेडीज चालवतात म्हणून जाते. खरंच माझं काय चुकतंय? – एक वाचक, भोगावती परिसर

उत्तर : ताई, पहिलं म्हणजे बाई चालवते म्हणून प्लेट जाते हे कुणाकडनंही ऐकून घेऊ नका. प्लेटला पाय कळतो, बाई-पुरुष कळत नाही. पण सवयीचं बघायला पाहिजे हे खरं, आणि ऊसाच्या ट्रॉलीमागचा रस्ता हा क्लचला सगळ्यात वाईट रस्ता आहे. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर पुढं, आपण त्याच्या बरोबर मागं, आणि तो इंच इंच हलेल तसं आपण अर्ध्या क्लचवर गाडी ढकलतो. अर्ध्या क्लचवर प्लेट प्रत्येक सेकंदाला घासत असते, अर्धा तास म्हणजे किती हे तुम्हीच बघा.

तर असं करा, पुढच्या ट्रॉलीशी स्पर्धा सोडून द्या, मधे चांगली जागा ठेवा. पहिला टाका, क्लच पूर्ण सोडा, पाय खाली ठेवा, ॲक्सिलरेटरला हात... म्हणजे पाय लावू नका, गाडी आपल्या चालीनं हळूहळू पुढं जात राहते. जागा संपली की पूर्ण थांबा, न्यूट्रल करा. मधनं कुणी मोटरसायकलवाला घुसेल, घुसू दे. चढावर थांबायचं असेल तर हँडब्रेक, क्लच-ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरायची सवय दिसायला हुशारीची वाटते पण प्लेट तिथंच जाते. आणि मोकळ्या रस्त्याला डावा पाय पेडलवर टेकवून ठेवता का, हे एकदा शेजारी बसणाऱ्या बाईंना बघायला सांगा, आपलं आपल्याला कळत नाही. नुसत्या पायाच्या वजनानं पण प्ले खाल्ला जातो आणि बेअरिंग फिरत राहतं.

तरी पण, दीड वर्षात दोन प्लेटा सवयीनं सगळ्या जातीलच असं नाही. आधीच्या कामाला फक्त प्लेट बदलली होती की सेट, आणि काम झाल्यावर प्ले कुणी मोजला होता का, हे विचारा. माझा संशय जास्त तिकडं आहे.

प्रश्न : आमच्या जुन्या डिझेल गाडीला चार महिन्यांपूर्वी पूर्ण क्लच सेट टाकला. आता परत चढाला स्लिप मारतीय. मिस्त्री म्हणतो प्लेट डुप्लिकेट लागली, परत टाकू. पार्टवाला म्हणतो फिटिंगची चूक. – एक वाचक, शिरोली

उत्तर : पार्टवाला आणि मिस्त्री भांडत राहतील, तुम्ही गाडीच्या खाली बघा. इंजिन आणि गिअरबॉक्स जोडतात तिथं खालच्या बाजूला, क्लच हाउसिंगच्या तळाशी, ओलसर डाग किंवा थेंब आहे का? असेल तर प्लेटला तेल लागलंय. तालमीत अंगाला तेल चोळलेल्या गड्याला पकडायला गेलं तर हात निसटतो, म्हणून तर माती टाकतात अंगावर. क्लचप्लेटला तेल लागलं तर माती टाकायची सोय नाही, पेट्रोलनं पुसून, कापडानं घासून बसवली तरी लायनिंगनं आत तेल पिलेलं असतं, तापलं की परत बाहेर येतं.

तेल दोन ठिकाणाहून येतं. क्रँकशाफ्टच्या (इंजिनचा मुख्य फिरता दांडा) मागच्या ऑइल सीलमधनं, म्हणजे तेल अडवणाऱ्या रिंगमधनं येत असेल तर ते इंजिन ऑइल, डिझेल गाडीत काळंकुट्ट. गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या (क्लचकडनं आत जाणारा दांडा) सीलमधनं येत असेल तर गिअर ऑइल, जरा जाडसर आणि वास घेतला की गंधकासारखा उग्र. बोटाला लावून वास घ्या, लगेच कळतं.

हे मी मनापासून लिहितोय कारण हीच चूक माझ्या हातनं झालेली आहे. गॅरेज नवीन टाकलं होतं तेव्हा एका शेतकऱ्याची जीप आली, ऊस तोडणीचे दिवस, त्याला घाई, मला पण घाई. प्लेट काढली तेव्हा एका बाजूला ओलसर होती, मी बघितलं, आणि जुनीच आहे, निघणारच आहे म्हणून नवीन प्लेट घालून गाडी दिली. मागचं सील बघितलंच नाही. गडी तीन महिन्यांनी परत आला, वाट्टेल ते बोलला असता तर बरं झालं असतं, तो काहीच बोलला नाही, फक्त गाडी उभी करून किल्ली टेबलावर ठेवली. दुसरं काम मी बिनपैशाचं करून दिलं. तेव्हापासून गिअरबॉक्स खाली आला की दोन्ही सील बघितल्याशिवाय मी नवीन प्लेटचं पाकीट फोडत नाही.

तुमच्या मिस्त्रीला पण तेच सांगा. सील गळत असेल तर नवीन प्लेट अस्सल असो नाहीतर डुप्लिकेट, दोन्ही तेवढेच दिवस टिकणार. खाली कोरडं निघालं, तर मग तुमच्या गाडीला हायड्रॉलिक क्लच, म्हणजे केबलऐवजी तेलाच्या दाबावर चालणारा, आहे का बघा. त्यात पेडलजवळच्या मास्टर सिलेंडरमधला तेलाच्या परतीचा बारीक मार्ग चोंदला की पाय काढल्यावर पण लाइनमधे प्रेशर अडकून राहतं आणि क्लच पूर्ण बसत नाही. गाडी स्लिप मारत असताना थांबवून गिअरबॉक्सजवळच्या स्लेव्ह सिलेंडरचा ब्लीडर नट (तेल-हवा बाहेर सोडायचा नट) क्षणभर सैल करायचा, प्रेशरनं तेल उडालं आणि नट आवळल्यावर गाडी लगेच ओढायला लागली तर दोष प्लेटचा नाहीच. हे मिस्त्रीकडनंच करून घ्या, ते ब्रेकचं तेल असतं, रंगावर पडलं तर रंग सोलतं.

प्रश्न : माझं माहेर पंचगंगेच्या काठाला. भावाची जुनी मारुती 800 पूर्ण पावसाळा ताडपत्रीखाली उभी होती, पाणी शिरलं नाही पण जागा ओली. आता इंजिन चालू होतं पण गिअरच पडत नाही, जबरदस्तीनं टाकला की गाडी उडी मारून बंद. ही पण क्लचप्लेट गेली का? – एक वाचक, प्रयाग चिखली

उत्तर : नाही ताई, हा उलटा आजार आहे. वरच्या तिन्ही गाड्यांत प्लेट धरत नाही, तुमच्या भावाच्या गाडीत ती सोडत नाही. ओलीत महिनोन् महिने उभी राहिल्यामुळं फ्लायव्हीलला गंज चढतो आणि क्लचप्लेट त्याला चिकटून बसते. 2019 आणि 2021 च्या पुरानंतर आपल्याकडं अशा गाड्या रांगेनं गॅरेजला आल्या होत्या.

आधी केबल तुटलेली नाही ना आणि पेडल पूर्ण खाली जातंय ना ते बघा, जाड मॅट आड येतं कधीकधी. ते ठीक असेल तर अनुभवी माणसाला मोकळ्या मैदानात घेऊन जायला सांगा, इंजिन चांगलं गरम करायचं, मग बंद करून दुसरा गिअर टाकायचा, क्लच पूर्ण दाबूनच स्टार्टर मारायचा, गाडी तशीच चालायला लागते, आणि क्लच दाबलेलाच ठेवून ॲक्सिलरेटर दाबायचा-सोडायचा, दाबायचा-सोडायचा. बऱ्याच वेळा खट्ट आवाज होऊन प्लेट सुटते. पुढं भिंत, माणूस, जनावर काही नको आणि ब्रेक आधी तपासून घ्यायचे, उभ्या गाडीचे ते पण धरून बसलेले असतात. आठ-दहा प्रयत्नात सुटली नाही तर थांबा, गिअरबॉक्स उतरवून प्लेट हातानं सोडवायची.

आणि भावाला आठवून बघायला सांगा, पाणी खरंच चाकाच्या वर आलं नव्हतं ना. थोडी जरी शंका असेल तर इंजिन परत चालू करायच्या आधी इंजिन ऑइलची डिपस्टिक ओढून बघा आणि गिअर ऑइलचा खालचा नट खोलून थोडं तेल वाटीत घ्या. चहासारखं दुधट दिसलं तर आत पाणी आहे, ते तेल काढून नवीन घातल्याशिवाय गाडी हलवू नका.